भोकाचा पैसा

सदाशिवरावांना गावात सगळ्यात मोठं व्हायला एक्याऐंशी वर्षं लागली, आणि तेही दिवाळीनंतर तुळसाबाई गेल्या म्हणून. तुळसाबाई त्र्याण्णव वर्षांच्या, तोंडात एक दात नाही, पण मरायचं नाव काढत नव्हत्या. सदाशिवराव त्यांच्या तेरवीला जेवले, मनापासून हळहळले आणि घरी येऊन बायकोला म्हणाले, "विमल, आता ह्या गावात माह्यापेक्षा मोठं कोणी राह्यलं नाही."

"मंग काय, पेढे वाटू का?" विमलताई म्हणाल्या.

पेढे वाटण्यासारखीच गोष्ट होती, पण ती उघड बोलायची सोय नव्हती. मोहदरी हे फुलसावंगीहून तीन कोसांवरचं गाव, आणि गावापासून अर्ध्या कोसावर बंजाऱ्यांचा तांडा. दोन्हींची मिळून दहावीपर्यंतची एकच शाळा. या शाळेत सव्वीस जानेवारीला झेंडा कोणी फडकवायचा यावरून दरवर्षी गावात दोन पार्ट्या पडत. एका वर्षी तर भांडण मिटेस्तोवर अकरा वाजले आणि रांगेत उभी असलेली पोरं एकेक करून बोरं खायला निघून गेली. मग दारव्ह्याहून बदलून आलेल्या मुख्याध्यापिका अंजू मॅडमनी तोडगा काढला. गाव आणि तांडा मिळून वयानं जो सगळ्यात मोठा, त्याच्या हातून झेंडा. वयावर कोण भांडणार? मागची दोन वर्षं तुळसाबाईंनी दोरी ओढली, डोक्यावर झेंडूच्या पाकळ्या पडल्या, आणि दोन्ही वेळा त्या म्हणाल्या, "झालं का? आता च्या आणा."

आता पाळी सदाशिवरावांची होती. त्यांच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख एक जुलै एकोणीसशे चव्वेचाळीस. खरा जन्म त्याच सालच्या शिमग्यातला, पण नाव घालताना गुरुजींनी आपल्या सोयीची तारीख टाकली. त्या काळी अर्ध्या जिल्ह्याचा वाढदिवस गुरुजींनीच ठरवलेला असे. मॅडमनी मतदारांची यादी धुंडाळून पाहिली, नाव पक्कं केलं आणि घरी येऊन सांगून गेल्या.

तेव्हापासून विमलताईंच्या जिवाला शांतता राहिली नाही. सदाशिवरावांनी कडुनिंबाच्या फांदीवरून सोल, म्हणजे बैल बांधायचा दोर, टाकला, त्याच्या टोकाला दुपट्ट्याची घडी बांधली, आणि एका झटक्यात गाठ सुटते का ते रोज सकाळी बघायला लागले. पांढरं धोतर दोनदा धुऊन झालं. टोपीला स्टार्च झाला. एकदा दुपट्टा सुटून थेट विमलताईंच्या डोक्यावर पडला, तर हे खाली सावधान उभे. विमलताईंनी दुपट्टा घडी करून हातात दिला आणि म्हणाल्या, "जन गण मन म्हणू का आता?"

हसा खुशाल, पण त्या माणसाच्या मनातलंही समजून घ्या. सदाशिवरावांनी आयुष्यभर गावाला बातम्या सांगितल्या. मोहदरीत पहिला ट्रान्झिस्टर त्यांचा. पुसदहून एक दिवस शिळा पेपर यायचा तोही त्यांच्याकडे. चीननं आगळीक केली ते गावाला यांनी सांगितलं, बांगलादेश झाला ते यांनी, आणीबाणी लागली आणि उठली तेही यांनीच. बर्लिनची भिंत पडली असं त्यांनी पारावर सांगितलं, तेव्हा गावातल्या मारुतीची भिंतही नुकतीच पडली होती, त्यामुळे दोन दिवस लोक वर्गणी नेमकी कोणत्या भिंतीची म्हणून विचारत होते. असा हा जगाची खबर ठेवणारा माणूस. पण गावाच्या कोणत्याच कार्यात याला कोणी पुढं उभं केलं नाही. सरपंचकीला उभे राहिले, अकरा मतांनी पडले. शाळेच्या समितीवर नाव निघालं आणि ऐनवेळी कापलं गेलं. दरवर्षी झेंडावंदनाला तिसऱ्या रांगेत उभं राहायचं आणि दुसऱ्याच्या टोपीकडे बघत सलाम ठोकायचा. एकदा, फक्त एकदा, ती दोरी आपल्या हातात यावी एवढीच त्यांची इच्छा होती. आता ती येणार होती आणि त्यांना फार बरं वाटत होतं.

या सगळ्याचा आनंद गावात कोणाला सगळ्यात जास्त झाला असेल, तर तो तांड्यातल्या हरिसिंगला. हरिसिंग त्यांचा लहानपणापासूनचा दोस्त. ढोरं चारताना एका झाडाखाली बसलेले हे दोघं. हरिसिंगच्या आधार कार्डावर जन्म एक जानेवारी एकोणीसशे पन्नास. कार्ड काढणाऱ्या पोरानं विचारलं, "आजा, जन्म कधीचा?" हरिसिंग म्हणाला, "लय जुना." पोरानं वर बघितलं आणि जमेल तो आकडा टाकून मोकळा झाला. पण त्याच्याही आधीपासून सदाशिवराव मोठे आणि हरिसिंग धाकटा, हे दोघांत ठरूनच गेलं होतं. कोणी ठरवलं देव जाणे. हे त्याला हऱ्या म्हणायचे, तो यांना दादा म्हणायचा. दरवर्षी दसऱ्याला तो आपट्याचं सोनं घेऊन यायचा, वाकून पाया पडायचा, आणि हे त्याच्या पाठीवर हात ठेवून आशीर्वाद द्यायचे. दादा म्हटल्यावर बैल कोणता घ्यावा, पोरगी कुठं द्यावी, कपाशीत तूर किती ओळींनंतर टाकावी, यात शेवटचा शब्द दादांचा. सदाशिवरावांना या दादापणाची अगदी हाडात सवय लागलेली होती.

आता अंजू मॅडमना सव्वीस जानेवारीला नुसता झेंडा पुरेना. त्यांनी पोरांना सांगितलं, प्रदर्शन भरवायचं. विषय, विसावं शतक. जगात काय काय घडलं आणि त्याची कोणती खूण आपल्या गावात, तांड्यात उरली, ती वस्तू शोधून आणायची आणि सोबत माहितीचं कार्ड लावायचं. सदाशिवरावांची नात अर्पिता नववीत. तिच्या वाट्याला दुसरं महायुद्ध आलं.

"तू फिकीर करू नको बेटा," सदाशिवराव म्हणाले. "महायुद्ध मले तोंडपाठ हाये."

"आबा, तोंडपाठ नको, वस्तू पाह्यजे."

वस्तू काही सापडेना. घरात ट्रान्झिस्टर होता, बहात्तरच्या दुष्काळातलं सुकडीचं पाकीट होतं, बंद पडलेला लँडलाइन होता. पण मोहदरीत महायुद्धाचं काय सापडणार? "चाल तांड्यात," सदाशिवराव म्हणाले. "रुपीबाईच्या पेटीत काय नाही ते इचार."

रुपीबाई म्हणजे हरिसिंगची बायको. तिनं चहा ठेवला, पत्र्याची पेटी उघडली आणि तळातून सासूची ओढणी काढली. सासू म्हणजे हरिसिंगची आई, बसंतीबाई, जाऊन पन्नास वर्षं झाली. ओढणी काय होती म्हणता! लाल सुताचं काम, आरशाचे तुकडे, आणि काठाला ओळीनं शिवलेली नाणी. उचलली की खणखणायची. अर्पिता एकेक नाणं बोटानं बघत गेली आणि एका नाण्यावर थांबली. तांब्याच्या रंगाचं, आणि मधोमध मोठं गोल भोक. वर मुकुट, बाजूला साल, १९४३.

"आबा, ह्याले भोक काहून हाये?"

सदाशिवरावांनी बसल्या जागी मांडी सावरली. हा प्रश्न म्हणजे त्यांच्यासाठी जेवणाचं ताट वाढल्यासारखं झालं. "हे बघ, तिकडं जर्मनी लढून राह्यला होता, इकडं जपान ब्रह्मदेशापर्यंत आलता. बंदुकीच्या गोळ्याले तांबं लागते. सगळं तांबं लढाईत चाललं, तं पैशाले कमी पडलं. मंग इंग्रज सरकारनं पैशाच्या पोटातलं तांबं काढून घेतलं. भोकाचा पैसा म्हणत त्याले. हे तुह्यं महायुद्ध. घे लिहून."

अर्पिताचं काम झालं होतं. पण रुपीबाईनं ओढणी आपल्या मांडीवर ओढली आणि सांगायला लागली. "याडीची रीत होती बेटा. सासूले मी याडीच म्हणो, याडी म्हणजे माय. एक लेकरू झालं का ओढणीले एक नाणं. दुसऱ्या नाण्याले भोक पाडा लागे, खिळा ठोका लागे. ह्या एकाले नाही ठोकला. हरी झाला त्या आठवड्यात सासरा पुसदच्या बजारातून मिरची इकून आला, त्यात हा पैसा आला. नवा कोरा. याडी म्हणे, देवानं लेकरू देल्लं अन् सरकारनं भोक पाडून देल्लं, मले काही करायचंच नाही राह्यलं. तवाच शिवला तिनं."

अर्पितानं साल पुन्हा वाचलं. पोरगी हुशार. "म्हणजे हरीआबा त्रेचाळीसचे. आबा, तुमी तं चव्वेचाळीसचे."

मग सदाशिवराव बोलले, आणि अगदी वकिलासारखे बोलले. नाण्यावर त्रेचाळीस असलं म्हणून ते पुसदच्या बाजारात त्रेचाळीसलाच आलं असं कुठं आहे? टांकसाळीतून निघालेला पैसा इथं यायला दोन वर्षं लागतात, चार लागतात. पंचेचाळीसलाही आला असेल. रुपीबाईला नवा वाटला असेल, त्यावरून काही ठरत नाही.

"मले कायचा वाटन, मी तं तवा झालीच नव्हती," रुपीबाई म्हणाली.

हरिसिंग मात्र हसत होता. "बेटा, आधार पन्नासचं म्हणते, पैसा त्रेचाळीसचं म्हणते. मी आपला जित्ता हावो, तेवढं बस झालं. दादा तो दादाच."

विषय मिटला. सदाशिवराव चहा पिऊन, ओढणी पिशवीत घालून, नातीचा हात धरून खुशीत घरी आले.

दुसऱ्या दिवशी दुपारी अर्पितानं कार्ड पुढं ठेवलं. अक्षर आबांचं चांगलं, म्हणून लिहायचं काम त्यांच्याकडे. ओसरीवर बसून त्यांनी चष्मा लावला आणि ठसठशीत लिहिलं, 'युद्धामुळे तांब्याची टंचाई झाली, म्हणून पैशाला भोक सरकारनेच पाडले.' आणि 'सरकारनेच' या शब्दापाशी त्यांचा पेन अडला.

हे वाक्य त्यांनी आधी ऐकलं होतं. रुपीबाईच्या तोंडून काल, आणि त्याच्या कितीतरी आधी स्वतःच्या आईच्या तोंडून. आईचा तो हसायचा किस्सा होता, घरी पाहुणे आले की ती सांगायची. "ह्याच्या वेळी सातवा महिना लागला होता मले. पुसाचा महिना, कापूस वेचणं चालू होतं. तांड्यातली बसंती आली वेचाले, पाठीवर झोळीत लेकरू, दोन दात आलेलं. लेकरू तिच्या ओढणीचा पैसा तोंडात घालून चावून राह्यलं. पाह्यतो तं पैशाले मोठ्ठं भोक. मी म्हटलं, अवं, एवढा कोरा पैसा, भोक पाडून वाया काहून घालवला? तं म्हणते कशी, म्या नाही पाडलं वं, सरकारनंच पाडून देल्लं. मी घरी येऊन सांगतलं तं सारे मलेच हसले, म्हणे सरकार कायले पैशाले भोक पाडन." आई हे सांगून इतकी हसायची की डोळ्याला पदर लावायची.

लहानपणापासून सदाशिवरावांनी हा किस्सा पैशाचा म्हणून ऐकला होता. झोळीतल्या लेकराकडे त्यांनी कधी बघितलंच नव्हतं. आता बघितलं, आणि पेन खाली ठेवला. बसंतीच्या ओढणीला भोकाचा पैसा एकच. तो शिवला हरी झाला तेव्हा. आणि हरीला दोन दात आले होते, तेव्हा हे स्वतः आईच्या पोटात, अजून दोन महिन्यांनी यायचे होते. टांकसाळीचं वकीलपत्र इथं काही कामाचं नव्हतं. हऱ्या मोठा होता. चांगला आठ-नऊ महिन्यांनी मोठा होता.

आता गंमत अशी, की ही अर्धी गोष्ट रुपीबाईला ठाऊक होती आणि उरलेली अर्धी फक्त सदाशिवरावांना. आई गेली, बसंतीबाई गेली, किस्सा ऐकून हसणारे पाहुणेही गेले. विमलताई लग्न होऊन आल्या तोवर सासूनं हा किस्सा सांगणं सोडलं होतं. कागद सगळे सदाशिवरावांच्या बाजूनं. त्यांनी तोंड मिटून ठेवलं असतं तर ब्रह्मदेवालाही पत्ता लागला नसता.

म्हणून त्यांनी तोंड मिटून ठेवलं. दोन दिवस ठेवलं. पण जेवण बेचव लागायला लागलं. वरणात मीठ नाही म्हणून ते विमलताईंवर ओरडले, मग मीठ जास्त झालं म्हणून ओरडले. कडुनिंबाखाली गेले तर गाठ सुटेना, तिथंच सोल टाकून परत आले. मनात सारखा हिशेब चालला होता, आणि दर वेळी तो आपल्याच बाजूनं फिरवायचा त्यांचा खटाटोप चालला होता. हऱ्याला झेंड्याचं काय? त्याला कधी हौस होती? त्याला तर माइकसमोर उभं केलं तर घाम फुटेल. आणि एवढ्या दसऱ्यांना तो पाया पडला, ते काय आता परत करत बसायचं? शिवाय बायकांचे किस्से, त्यात खरं किती अन् खोटं किती. एवढं सगळं स्वतःला पटवून झालं की झोळीतलं ते लेकरू पुन्हा डोळ्यासमोर यायचं, पैसा चावत.

तिसऱ्या दिवशी सकाळी विमलताईंनी भाकरी तव्यावर टाकली आणि मागं न बघता विचारलं, "काय गिळून बसले ते सांगा आता. का वैद्याले बलावू?"

सदाशिवरावांनी सांगून टाकलं. सगळं, अगदी दोन दातांसकट. विमलताईंनी भाकरी उलटली, भाजली, टोपल्यात टाकली. मग म्हणाल्या, "सांगायचं असन तं हरिसिंगदाजीले सांगा. नसन सांगायचं तं नका सांगू. पण माह्या सैपाकाले नावं ठेवू नका. मिठाचा काही दोष नाही त्यात."

सदाशिवराव चप्पल घालून निघाले. रस्त्यात तुरीच्या पेंढ्या रचलेल्या, हरभऱ्याला घाटे धरलेले, कुणाकुणाच्या वावरात शेवटची वेचणी चाललेली. एरवी त्यांनी दहा जणांना दहा सूचना केल्या असत्या. आज सरळ तांड्यात गेले. हरिसिंग अंगणात तुरीच्या काड्यांची झाडणी बांधत बसला होता.

"हऱ्या," ते म्हणाले, आणि म्हटल्यावर त्यांना ते कसंतरीच वाटलं. "ऐक. माही माय सांगे..." आणि त्यांनी किस्सा सांगितला. नेहमीसारखा रंगवून नाही, कोरडाच सांगितला.

हरिसिंगनं झाडणी बांधणं थांबवलं. मग म्हणाला, "म्हणजे मी पैसा खाऊन राह्यलो होतो?"

"पैशाचं सोड. तू मोठा हायेस."

"राहू दे ना दादा." हरिसिंगनं झाडणी पुन्हा हातात घेतली. "तुह्याजवळ कागद हाये. माह्या कागदावर पन्नास हाये. कोण पाह्यते? तुले हौस हाये, तू लाव झेंडा. मले कायले त्यात ओढतं? मी खालून पाह्यतो, तसंच बरं वाटते मले."

आता बोला. ज्याची वस्तू चोरायची होती त्यानं स्वतःच्या हातानं ती देऊन टाकली. सदाशिवरावांच्या छातीवरचा दगड उतरला, आणि खरं सांगायचं तर त्यांना इतका आनंद झाला की त्यांची त्यांनाच लाज वाटली. ते म्हणणारच होते, "तू म्हणतं तं ठीक हाये," एवढ्यात चुलीजवळून रुपीबाई बोलली. ती काही भांडायला बोलली नाही, आपली पीठ मळता मळता बोलली.

"तांड्यातल्या माणसानं त्या शाळेचा झेंडा आजलोग नाही लावला. हे सांगत, पह्यल्या सव्वीस जानेवारीले शाळेत गूळ-फुटाणे वाटले, अन् तांड्याचे पोट्टे काट्याच्या कुपाबाहेर उभे होते. आत घेत नव्हते तवा आमाले. आता आमची नातवं पह्यल्या नंबरानं पास होते तिथं. दिवस बदलले, चांगलंच झालं. मी आपलं आठवलं म्हणून बोलली."

हरिसिंग म्हणाला, "जाऊ दे वं, जुनं कायले काढतं?"

पण सदाशिवरावांना ते काढावंच लागलं. एकोणीसशे पन्नास साल, वय सहाचं. ते कुपाच्या आत होते. त्यांना ते गूळ-फुटाणे आठवत होते, चव सुद्धा आठवत होती. कुपाबाहेर हरी उभा होता तोही आठवत होता, आणि आपण त्याला चार फुटाणे दिले नव्हते हेही चांगलं आठवत होतं. त्याला बाहेर का ठेवलं, असं तेव्हा त्यांनी कोणाला विचारलं नाही. जगभरातल्या लढायांची खबर त्यांनी नंतर गावाला सांगितली, पण त्या कुपाची बातमी कधी सांगितली नाही. त्यांना फार वाईट वाटलं. ते उठून उभे राहिले.

"उद्या सात वाजता शाळेत ये," ते हरिसिंगला म्हणाले. "धुतलेलं धोतर घाल. पागोटं बांध. झेंडा तू लावशीन."

"अरे पण दादा..."

"दादा म्हणतं ना मले? मंग दादाचं ऐक," सदाशिवराव म्हणाले, आणि त्या वाक्यात काय गोची आहे ते त्यांना घरी पोहोचल्यावर समजलं.

सव्वीस जानेवारीला सकाळी पोरं रांगेत उभी होती, वर्गात प्रदर्शन मांडलं होतं. महायुद्धाच्या टेबलावर बसंतीबाईची ओढणी पसरली होती आणि शेजारी कार्ड होतं. अंजू मॅडमनी माइकवर सदाशिवरावांचं नाव पुकारलं. ते पुढं गेले, पण दोरीकडे न जाता माइककडे गेले. सवयच ती. आणि त्यांनी गावाला बातमी सांगितली. ओढणी, पैसा, झोळी, दोन दात, सगळं. या वेळी चांगला रंगवून सांगितला किस्सा, आईसारखाच. लोक पोट धरून हसले. शेवटी ते म्हणाले, "म्हणून गावात अन् तांड्यात वयानं मोठा हरिसिंग. मी दोन नंबरचा." मॅडमनी एकदा हातातल्या यादीकडे बघितलं, एकदा हरिसिंगकडे, आणि यादीची घडी करून पर्समध्ये टाकली.

हरिसिंगनं दोरी ओढली आणि गाठ एका झटक्यात सुटली. झेंडा फडकला. राष्ट्रगीत झालं. रुपीबाई तांड्यातल्या बायकांत उभी होती, तिनं डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. सदाशिवराव तिसऱ्या रांगेत, आपल्या जुन्या जागी, टाचा जुळवून उभे होते. वाईट वाटेल असं त्यांना वाटलं होतं. थोडं वाटलंही. एवढी वर्षं ज्या दोरीकडे बघितलं ती दुसऱ्याच्या हातात गेली, वाटणारच.

मग मॅडमनी हरिसिंगपुढं माइक धरला. सगळ्यात मोठ्या माणसानं दोन शब्द बोलायचे असा रिवाज. हरिसिंगनं माइककडे असं बघितलं की जणू तो चावेल. सदाशिवरावांना वाटलं, आता याचं काही खरं नाही. पण हरिसिंग बोलला.

"रामराम. मले बोलता येत नाही. बोलणं सदाचं काम हाये."

सदा. सदाशिवरावांना आधी समजलंच नाही की आपल्यालाच म्हणाला. त्यांना सदा म्हणणारं शेवटचं माणूस म्हणजे त्यांची आई, ती जाऊन चाळीस वर्षं झाली. पुढं आबा झाले, भाऊ झाले, राव झाले, सदा कोणाचे राहिले नव्हते.

"हा सदा मले लहानपणापासून जगाच्या बातम्या सांगते," हरिसिंग पुढं म्हणाला. "मी नुसती मान हालवतो. एक डाव हा मले म्हणे, माणूस चंद्रावर जाऊन आला. मी म्हटलं, हाव दादा. पण आज खरं सांगतो, मी मानलं नव्हतं. मले वाटे, ह्याले बोलाची हौस, हाकते आपला." पोरं हसली. हरिसिंग थांबला, त्यानं पागोटं सारखं केलं. "काल हा आला अन् म्हणे, तू माह्याहून मोठा. मी इचार केला, ही बातमी सांगून ह्याले काय भेटलं? झेंडा गेला, दादापण गेलं. ह्याचं नुसतं नुकसान झालं. मंग बातमी खरी असन. अन् जो माणूस अशी बातमी खरी सांगते, त्याच्या बाकीच्याबी खऱ्याच असतीन. तं आजपासून मी मानतो. माणूस चंद्रावर गेलता."

सगळं मैदान हसलं, टाळ्या पडल्या. सदाशिवराव मात्र मागं उभ्या असलेल्या बायकोकडे वळले. डोळे भरून आले होते आणि रागही आला होता, दोन्ही एकदमच. "छप्पन्न वर्षं, विमल," ते म्हणाले. "छप्पन्न वर्षं हा मान हालवत राह्यला, अन् मानत नव्हता."

"आता मानलं ना," विमलताई म्हणाल्या.

झेंड्याच्या खांबाजवळ लोकांनी हरिसिंगला घेरलं होतं, कोणी हार घालत होतं, कोणी फोटो काढत होतं. त्यानं गर्दीतून मान वर काढून इकडंतिकडं बघितलं, आणि सदाशिवराव दिसल्यावर हात हलवून मोठ्यानं हाक मारली.

"सदा, तिकडं काय उभा राह्यला? इकडं ये."

"आलो," सदाशिवराव म्हणाले, आणि टोपी सारखी करून लगबगीनं निघाले.